दर्या, दऱ्या आणि एक नवी आज्ञा

‘आज्ञा’ हा शब्द ऐकला की आपल्या मनात एक उतरंड उभी राहते. आज्ञा करणारा वरच्या पायरीवर आणि ती पाळणारा खालच्या पायरीवर, अशी आपली सवयीची समजूत असते. संगणकाच्या जगातील ‘कमांड’साठी मराठीत ‘आज्ञा’ हाच प्रतिशब्द वापरला जातो. परंतु तेथील आज्ञेचे स्वरूप थोडे निराळे आहे. ती मुळात एक नाव असते. टर्मिनलच्या पडद्यावर तुम्ही एक शब्द टंकित करता आणि त्या नावाने कोठेतरी ठेवलेली फाईल शोधून संगणक ती चालवतो. नाव ओळखीचे असेल तर काम होते. नसेल तर अशी आज्ञा सापडली नाही, असे कोरडे उत्तर येते. म्हणजे आज्ञांचा प्रश्न हा शेवटी शब्दसंग्रहाचा प्रश्न ठरतो. कोणते शब्द उपलब्ध आहेत, कोणते नाहीत, नवा शब्द कोणी घालावा आणि तो टिकतो कशाने, हे भाषेच्या अभ्यासकाला नित्य पडणारे प्रश्न येथेही पडतात. म्हणूनच मराठीच्या या पुस्तिकेत मी तुम्हांला एका संगणकीय आज्ञेची हकीकत सांगणार आहे.

ज्या साधनासाठी ही आज्ञा लिहिली, त्याचे नाव गिट. एकाच मजकुरावर अनेकांनी काम करताना कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद हे साधन ठेवते. लिनक्स या कार्यप्रणालीचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ते लिहिण्यास आरंभ केला आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आली. गिटचा वापर प्रामुख्याने संगणक-कार्यक्रम लिहिणारे करतात. परंतु त्याला मजकूर म्हणजे केवळ ओळी. त्या ओळी कार्यक्रमाच्या आहेत की ओव्यांच्या, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

या साधनाचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. त्याच्या कर्त्यांनी आपल्या शब्दसंग्रहाला कुंपण घातले नाही. तुम्ही ‘गिट’ असे लिहून पुढे एखादा शब्द लिहिला की गिट प्रथम स्वतःच्या अंगभूत आज्ञांमध्ये तो शोधते. तेथे तो नसेल, तर ‘गिट’, मध्ये एक छोटी आडवी रेघ आणि पुढे तो शब्द, अशा नावाची फाईल संगणकाच्या शोधमार्गावर कोठे आहे का, हे ते पाहते. अशी फाईल सापडली आणि ती चालवण्याची परवानगी असली, की गिट ती चालवते. नोंदणी नाही, अर्ज नाही, कोणाची मंजुरी नाही. फाईल कोणत्या संगणकीय भाषेत लिहिली आहे, याचीही चौकशी नाही. या आडव्या रेघेमागे थोडा इतिहास आहे. आरंभीच्या काळात गिटच्या सर्वच आज्ञा अशा रेघेसह, स्वतंत्र कार्यक्रम म्हणून चालवता येत असत. २००८ साली आलेल्या १.६.० या आवृत्तीत त्या नेहमीच्या शोधमार्गावरून आत हलवण्यात आल्या. पण रेघेचे नाव ओळखण्याची रीत तशीच राहिली आणि बाहेरच्यांसाठी ते दार झाले.

या दाराने पुष्कळ जण आत आले आहेत. मोठमोठ्या फाईली सांभाळण्यासाठी जोई हेस यांनी २०१० मध्ये सुरू केलेले ‘गिट-ॲनेक्स’ आणि २०१५ मध्ये जाहीर झालेले ‘गिट एलएफएस’ ही दोन्ही साधने गिटच्या मूळ घरात जन्मलेली नाहीत. तरीही वापरणाऱ्याला ती गिटचीच आज्ञा वाटावी, इतक्या सहजपणे ती वागतात. आतल्या आज्ञांची सुरुवातही नेहमीच भारदस्त असते असे नाही. अर्धवट राहिलेले काम तात्पुरते बाजूला ठेवणारी ‘स्टॅश’ ही लोकप्रिय आज्ञा २००७ मध्ये आली ती शेलच्या साध्या भाषेतील एक फाईल म्हणून. २०१९ मध्ये ती सी भाषेत नव्याने लिहिली गेली. गरज आधी येते, चिरेबंदी बांधकाम मागाहून होते.

आता आमच्या गरजेकडे वळतो. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतील बोलीचे शब्द गोळा करत होतो. एक निवृत्त शिक्षक, एक अंगणवाडी सेविका, एस.टी. आगारातील एक लिपिक, एक परिचारिका आणि मी. प्रत्येकाने आपापल्या वहीतील शब्द, अर्थ आणि वापराचे वाक्य टंकून पाठवायचे, असे ठरले होते. कोणी मोबाइलवर टंकत असे, कोणी कार्यालयातील जुन्या संगणकावर. सारे लेखन आम्ही गिटमध्ये ठेवत होतो, म्हणजे कोणाच्या नोंदीवर कोणाचा हात फिरला हे नंतरही कळावे.

एके दिवशी अंगणवाडीच्या ताईंचा फोन आला. “सर, मी ‘दऱ्या’ लिहून दिला होता. ‘कुऱ्हाड’ दिला होता, ‘वाऱ्या’चे तीन प्रकार दिले होते. संग्रहात शोधते तर एकही येत नाही. माझे शब्द गाळले का कोणी?” त्यांच्या स्वरात राग नव्हता, पण ते शब्द त्यांच्या आईकडून आलेले होते आणि आई आता हयात नव्हत्या, हे मला ठाऊक होते. मी त्यांची फाईल उघडली. शब्द डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होते. तरीही शोधाला ते सापडत नव्हते.

कारण मराठीच्याच एका अक्षरात दडलेले होते. ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’ यांमधील अर्ध्या र चे पापणीसारखे रूप संगणकात दोन मार्गांनी लिहिले जाते. एका मार्गात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त येतो. दुसऱ्या मार्गात साधा ‘र’, मग हलन्त आणि मग डोळ्यांना न दिसणारे, शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्हींची आकृती एकच. परंतु संगणक आकृती वाचत नाही, तो अंक वाचतो. सर्वत्र प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि ते अदृश्य जोडचिन्हही तीनच घेते. म्हणजे पहिल्या मार्गाने हा अर्धा र सहा बाइटांचा आणि दुसऱ्या मार्गाने नऊ बाइटांचा. ताईंनी नोंद एका कळफलकावर केली होती आणि शोध दुसऱ्या कळफलकावरून घेतला होता. युनिकोडमध्ये समान रूपे एकत्र आणण्याचे ठरलेले नियम आहेत. पण ते नियम या दोन रूपांना समान मानत नाहीत. त्यामुळे हे काम आपसूक होण्यासारखे नव्हते.

याहून गंभीर गोष्ट पुढे दिसली. काही संगणकीय साधने न दिसणारी चिन्हे केरकचरा समजून झाडून टाकतात. ते जोडचिन्ह गेले की ‘र’, हलन्त आणि ‘य’ एवढेच उरते आणि पापणीच्या जागी रफार उभा राहतो. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. व्याकरणाच्या तासाला आचाऱ्यांना आणि आचार्यांना यांतील भेद तुम्ही शिकला असाल. तेथे स्वयंपाकी आणि गुरू यांची अदलाबदल होते. आमच्या एका फाईलीत, दोन डोंगरांमधील खोल जागा असा अर्थ दिलेल्या नोंदीच्या माथ्यावर ‘दर्या’ हा शब्द येऊन बसला होता. डोंगराळ भागातील बोलीच्या संग्रहात समुद्र शिरला होता आणि तो कोणत्याही भूकंपाशिवाय शिरला होता. असा संग्रह छापला गेला असता, तर पुढच्या अभ्यासकाने ती नोंद प्रमाण मानली असती.

तेव्हा एका नव्या आज्ञेची गरज निर्माण झाली. प्रत्यक्ष लेखन फारसे नव्हते. पहिल्या ओळीत ही फाईल शेलकडून वाचून घ्यावी असे सांगायचे. मग संग्रहाच्या मुळाशी असलेल्या फोल्डरात जायचे. मग गिटच्याच ‘ग्रेप’ या शोधआज्ञेला ते नऊ बाइट शोधायला लावायचे आणि जेथे ते सापडतील तेथील फाईलीचे नाव व ओळीचा क्रमांक दाखवायचा. जुन्या आज्ञांना कामाला लावूनच नवी आज्ञा बनते. एका कार्यक्रमाचे फलित दुसऱ्याच्या हाती देण्याची नळी केन थॉम्प्सन यांनी डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून १९७३ मध्ये युनिक्समध्ये बसवली, तेव्हापासून ही जोडकामाची परंपरा चालत आली आहे. मात्र लेखन थोडे असले तरी निर्णय पुष्कळ होते, आणि विचार करायला लावणारे तेच होते.

पहिला निर्णय नावाचा. मनात ‘तपास’ हा शब्द होता. तो रोमन लिपीत लिहिला तर कोणी ‘तापस’ वाचेल, कोणी ‘तपस’. देवनागरीत लिहावा तर ‘गिट’ रोमनमध्ये टंकून मग कळफलक बदलावा लागणार. फाईलचे नाव देवनागरीत असले तरी आमच्या लिनक्स संगणकांवर गिट ते बिनतक्रार स्वीकारत होते. शेवटी मूळ फाईलला देवनागरी नाव दिले आणि तिच्याकडे बोट दाखवणारे एक रोमन नावही शेजारी ठेवले. ज्याला जे सोयीचे, त्याने ते वापरावे. ‘तपास’ या शब्दाचा आणखी एक फायदा होता. त्यात एकही जोडाक्षर नाही. ज्या रोगाचा शोध घ्यायचा, तो खुद्द वैद्याला जडण्याची शक्यता त्यामुळे उरली नाही.

नाव देताना गिटचा एक नियम ध्यानात घ्यावा लागतो. अंगभूत आज्ञेचेच नाव तुम्ही आपल्या फाईलीला दिले, तर तुमची फाईल चालत नाही. जुनी आज्ञाच चालते. कोणी याला जुन्यांची सत्ता म्हणेल. मला त्यात वापरणाऱ्याचे रक्षण दिसते. काल ज्या शब्दाचा जो अर्थ होता, तो आज कोणाच्या तरी उत्साहामुळे बदलू नये, एवढीच ती हमी आहे. शिवकाळात रघुनाथपंडितांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशाची येथे आठवण होते. दरबारी व्यवहारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचे ते मोठे कार्य होते. त्या कोशानंतरही ‘हुकूम’ आणि ‘अर्ज’ हे शब्द मराठीत नांदतच राहिले. ‘दर्या’ हाही फारसीतूनच आलेला आणि आपलासा झालेला शब्द. नवा शब्द कोशात घालता येतो, तो बोलणाऱ्याच्या जिभेवर मात्र घालता येत नाही. तेथे तो स्वतःच्या पायांनी जावा लागतो.

दुसरा निर्णय अधिक कठीण होता. आज्ञेने दोष केवळ दाखवावा की दुरुस्तही करावा? निवृत्त गुरुजींचा आग्रह होता की एकदाच काय ते सारे बदलून टाकावे. नऊ बाइटांच्या जागी सहा बाइट ठेवणे हे निर्धोक होते, कारण दोन्हींचा उच्चार आणि अर्थ एकच. परंतु जोडचिन्ह आधीच गळून गेलेल्या ‘दर्या’चे काय? संग्रहात ‘कार्य’, ‘सूर्य’, ‘धैर्य’ असे रफाराचे शुद्ध शब्द होते आणि एका मच्छीमाराकडून आलेला खराखुरा ‘दर्या’ही होता. यांपैकी कोणता रफार मूळचा आणि कोणता अपघाताने आलेला, हे अंकांवरून कळणे अशक्य होते. ते नोंदीचा अर्थ वाचूनच कळते. म्हणून आम्ही पाहण्याचे आणि बदलण्याचे काम वेगळे केले. ‘तपास’ काहीही बदलणार नाही. बदल करणारी आज्ञा निराळी असेल आणि ती फक्त निर्धोक बदल करील. गिटमध्येही हा विवेक दिसतो. ‘स्टेटस’, ‘डिफ’, ‘लॉग’ या आज्ञा तुमच्या लेखनाला धक्का न लावता माहिती देतात, म्हणून नवखा माणूस त्या निर्धास्तपणे वापरतो. जी आज्ञा नुसते बघते असे सांगते, तिने नुसते बघावे, हा विश्वासाचा प्रश्न आहे.

तिसरा निर्णय बोलण्याचा आणि गप्प राहण्याचा. युनिक्सच्या परंपरेत काम सुरळीत झाले तर आज्ञा सहसा काही बोलत नाही. मात्र जाताना ती मागे एक अंक ठेवून जाते. शून्य म्हणजे सारे ठीक, अन्य अंक म्हणजे काही बिनसले. ‘ग्रेप’ला शोधलेली गोष्ट सापडली की ते यश वाटते आणि ती शून्य देते. आमच्या तपासात सापडणे म्हणजे दोष. म्हणून हा अर्थ उलटा करून घ्यावा लागला. ‘डिफ’ आज्ञा ओळींतील दोष तपासते तेव्हाही दोष आढळल्यास शून्येतर अंक देते; आम्ही तोच पायंडा उचलला. हा अंक माणसाला दिसत नाही, पण पुढे दुसऱ्या कोणी आपल्या कार्यक्रमात ‘तपास’ वापरायची ठरवली तर त्याचा निर्णय या अंकावरच अवलंबून राहणार असतो. आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी ठेवलेली ती खूण असते.

एक लहानशी बाब मात्र सांगितलीच पाहिजे. गिट आपल्या मूळ सवयीनुसार देवनागरी फाईलनावे अक्षरांनी दाखवत नाही. ‘म’ या एका अक्षरासाठी ते ‘३४०’, ‘२४४’, ‘२५६’ असे तीन अंक तिरप्या रेघांसह लिहिते. गावांच्या नावांनी ठेवलेल्या आमच्या फाईली त्यामुळे अंकांच्या रांगा होऊन समोर येत. ही सवय बंद करण्याची सोय गिटमध्येच आहे. आम्ही ती सूचना आज्ञेच्या आतच लिहून ठेवली, म्हणजे ताईंना आपल्या गावाचे नाव वाचता यावे. दोष कोठे आहे हे सांगणाऱ्याने ते समोरच्याला कळेल अशा लिपीत सांगितले पाहिजे.

‘तपास’ तयार झाल्यावर ती प्रत्येकाच्या संगणकावर स्वतंत्रपणे ठेवावी लागली, कारण संग्रहाची प्रत घेतली म्हणून अशी आज्ञा आपोआप शोधमार्गावर येऊन बसत नाही. पहिल्याच फेरीत ताईंचे सारे शब्द वर आले. त्यांपैकी कोणताही गाळला गेला नव्हता. मग आम्ही रफाराच्या नोंदींची वेगळी यादी काढून दोन बैठकांत ती मोठ्याने वाचली. एकाने शब्द वाचायचा, दुसऱ्याने अर्थ. डोंगरातील समुद्र तेथेच उघडकीस आला आणि ताईंनी स्वतःच्या हाताने तो पुन्हा दऱ्यांमध्ये नेऊन ठेवला.

त्यानंतरची घटना मला अधिक समाधान देणारी आहे. उपलब्ध आज्ञांची संपूर्ण यादी गिटकडे मागता येते. तिच्यात शोधमार्गावर सापडलेल्या बाहेरच्या आज्ञांची नावेही असतात. एकदा आगारातील लिपिकाच्या संगणकावर मी ती यादी पाहत होतो. ‘तपास’च्या शेजारी ‘मोजणी’ असे नाव दिसले. कोणत्या गावाचे किती शब्द आले हे मोजणारी ती आज्ञा त्यांनी स्वतः लिहिली होती. रोजच्या तिकीट-हिशेबाची शिस्त तिच्यात उतरली होती. त्यांनी मला विचारले नव्हते, आणि विचारण्याचे कारणही नव्हते. ज्या नियमाने मला दार उघडले होते, त्याच नियमाने त्यांनाही ते उघडे होते.

तुमच्यापैकी पुष्कळ जण नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करत आहात. भाषेचे शास्त्र तयार होऊन दुसरीकडून यावे आणि आपण ते ग्रहण करावे, एवढीच आपली भूमिका आहे असे तुम्हांला कधी वाटत असेल. वाढवता येण्याजोग्या साधनाचा अनुभव निराळे सांगतो. ज्याने साधन घडवले त्याला तुमची गरज ठाऊक असणे शक्य नव्हते. लिनस टोरव्हाल्ड्स यांना पापणीचा र माहीत असण्याचे काही कारण नाही. म्हणूनच त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागा मोकळी ठेवली, ही गोष्ट महत्त्वाची. ती जागा भरण्याचे काम ज्याला अडचण जाणवते त्याचे असते. मात्र जागा भरताना नाव विचारपूर्वक द्यावे, जुन्याला धक्का लावू नये, बघणे आणि बदलणे यांत गल्लत करू नये आणि आपल्या अनुपस्थितीतही दुसऱ्याला वापरता येईल अशी व्यवस्था करावी.

या शेवटच्या व्यवस्थेसाठी आज्ञेचे माहितीपान लिहावे लागते. गिटला एखाद्या आज्ञेविषयी मदत विचारली की ते त्या नावाचे पान शोधते. पान नसेल तर माणूस रिकाम्या हाताने परततो. ‘तपास’चे पान आम्ही पाच जणांनी मिळून लिहिले. ती काय करते हे दोन ओळींत आटोपले. ती काय करत नाही, हे लिहायला एक संध्याकाळ लागली. त्या पानातील अखेरचे वाक्य ताईंनी सांगितले आणि मी ते टंकले: ‘ही आज्ञा दर्या आणि दऱ्या यांतील फरक ओळखत नाही, त्यासाठी नोंद वाचावी लागेल.’